रामसिंगची वांगी आणि माझ्या कोंबड्या

२ एप्रिल, बुधवार

प्रशिक्षणात सांगितलं होतं की कोंबडीपालन करणाऱ्यानं रोज लिहावं: किती पक्षी, किती अंडी, किती मरतूक. मी तीन महिने टाळलं. तीस वर्षं कारंजा डेपोत कंडक्टरकी केली, रोज संध्याकाळी आकडे जुळवले, आता निवृत्तीनंतरही तेच काय करायचं. पण सरिता म्हणाली, "लिहा ना, डोक्यात ठेवता अन् मंग माह्यावर ओरडता." तर लिहितो आहे.

पक्षी दोनशे दहा, सगळे गावरान. मरतूक शून्य. शेड गावाबाहेर, वडिलांच्या वाट्याच्या तुकड्यावर. टिनं चढवायला शेजारचा रामसिंग दोन दिवस राबला होता. त्याचं वावर धुऱ्यापलीकडेच, म्हणजे बांधाला लागूनच आहे, विहिरीच्या पाण्यावर उन्हाळी वांगी लावली आहेत. मजुरी देऊ केली तर रागावला. असा शेजारी मिळायला नशीब लागतं.

ऊन फार. कोंबड्या दुपारी चोच उघडी टाकून धापा टाकतात. जाळीला चहूबाजूंनी बारदाना बांधला आहे आणि त्यावर बादलीनं पाणी मारतो. अर्ध्या तासात सगळं कोरडं. माझे खांदे गेले.

४ एप्रिल, शुक्रवार

आज डोकं चालवलं. बादली कशाला? फवारणीचा पंप असला की बारदानाही भिजेल आणि कोंबड्यांच्या अंगावर बारीक तुषारही पडतील. पंप रामसिंगकडे आहे. तो कालच बायको-पोरं घेऊन रामनवमीसाठी पोहरादेवीला गेला, चार-पाच दिवस येत नाही. आमच्यात विचारापुसायची पद्धत नाही. त्याच्या कोठ्यात, गुरांच्या गोठ्यात, खुंटीला पंप टांगलेला होता, घेऊन आलो.

तीनदा पाण्यानं विसळला. आत तळाशी एक फडकं गाठ मारून ठेवलेलं दिसलं. नोझलमध्ये कचरा जाऊ नये म्हणून गाळणं लावलं असणार. माणूस हुशार आहे. तसंच राहू दिलं.

दुपारी दोन टाक्या मारल्या. कोंबड्यांनी पंख पसरून घेतले, एकमेकींच्या अंगावरचे थेंब टिपून प्यायल्या. बारदान्यातून गळणारं पाणीही वाया जाऊ दिलं नाही, पिण्याची भांडी नेमकी त्याखाली सरकवली. गार पाणी फुकट. सरिता शेडच्या दारात उभी राहून नाकाला पदर लावत होती. म्हणाली, "दवाईवानी वास येऊन राह्यला." मला काही येत नाही. तीस वर्षं डिझेल हुंगून माझं नाक केव्हाच मेलं. मी म्हणालो, रामसिंगनं जाण्याआधी वांग्यांवर फवारलं असेल, वारा तिकडूनच आहे.

५ एप्रिल, शनिवार

नऊ मेल्या. सकाळी दार उघडलं तर भिंतीकडेला पडलेल्या. आणखी दहा-बारा माना टाकून बसल्या आहेत, चोचीतून लाळ गळते, चालायला गेल्या की दारुड्यासारख्या झोकांड्या खातात.

गावात एकच शब्द, मानमोडी. अरे, मानमोडीची लस मी स्वतः उभं राहून टोचून घेतली आहे! पण सांगणार कोणाला. ज्याच्या घरी एक कोंबडी नाही तो सर्वांत मोठा डॉक्टर.

तालुक्याच्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर मॅडम लसीकरणाला फिरतीवर. कंपाउंडर म्हणाला, "गर्मीनं असन, पानी मारत जा." तेच तर करतो आहे. आज दोनऐवजी तीन टाक्या मारल्या.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

आणखी सहा.

सरितानं पुरणपोळी केली होती, घास उतरला नाही. मेलेल्या पक्ष्यांसाठी तिनंच खड्डा केला, मीठ टाकून पुरलं. माझ्यावर ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी पाणी मारून झाल्यावर माझेही डोळे चुरचुरायला लागले, तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. उन्हात धुऱ्यावर जाऊन बसलो आणि तिथं मला सगळं कळलं. धुऱ्याच्या काठाला औषधाची रिकामी पाकिटं पडली होती, कवटीचं चित्र असलेली. वांग्यांची पानं पांढरट. रामसिंगनं देवाला जाण्याआधी भरपूर मारून ठेवलं आहे आणि दोन-चार दिवस वारा सारखा आमच्याकडे आहे. वास येत होता, तो हाच. माझे डोळे चुरचुरतात तेही यानंच. सरिताचं नाक खरं निघालं, फक्त तिला कळलं नाही वास कुठून येतो ते.

८ एप्रिल, मंगळवार

काल पाच, आज तीन.

रामसिंग आला. सरळ शेडवरच आला, हातात प्रसादाचा पुडा. मी घेतला नाही. मेलेल्या कोंबड्या अजून पुरायच्या होत्या, त्या दाखवल्या.

"अरे बाप्पा! काय झालं बे हे?"

"तूच सांग. वांग्यावर काय मारून गेला होता?"

"नेहमीचंच. शेंडेअळी पडली व्हती. पन पंजाबभाऊ, तेवढ्या दुरून..."

"दुरून? धुरा ओलांडला की माहा शेड हाये! तुले दिसत नाही? इथं मानसं राह्यतात, पाखरं राह्यतात, तू काहून इकडं वारा पाह्यत नाहीस?"

मी बोलत गेलो. आवाज माझा एस.टी.तला, शेवटच्या सीटपर्यंत जाणारा. रस्त्यानं जाणारे दोघं थांबले. रामसिंग कोंबड्यांकडेच पाहत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "माहा पंप तुमी आनला काय? कोठ्यात नाई."

आता काय सांगणार. मी म्हणालो, "आनला. तू फवारू नये म्हनूनच आनला. आता भेटत नाही तो."

हे खोटं होतं, पण तोंडातून निघाल्यावर बरोबरच वाटलं. खरंच, पंप माझ्याकडे असलेला बरा. प्रसादाचा पुडा तो खाटेवर ठेवून गेला. सरितानं देवापुढे ठेवला.

९ एप्रिल, बुधवार

दोन मेल्या. एक मेलेली कोंबडी पिशवीत घालून तालुक्याला गेलो. बसमधल्या कंडक्टरनं पिशवीचा वास घेऊन मला मागच्या सीटवर बसवलं. मलाच!

दवाखान्यात म्हणाले, विषबाधा असेल तर नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, बर्फात, ताजा. हा ताजा नाही. कृषी कार्यालयात गेलो, कारण औषध त्यांचं. ते म्हणाले, पक्षी आमच्याकडे येत नाहीत. मी विचारलं, औषध तुमचं, पक्षी त्यांचे, मग मेलेला पक्षी कोणाचा? साहेब हसले. म्हणाले, उद्या अर्ज घेऊन या. उद्या महावीर जयंतीची सुट्टी, हे त्यांना माहीत होतं, मला घरी आल्यावर कॅलेंडरवर दिसलं.

पिशवी परत आणून पुरली.

१३ एप्रिल, रविवार

तीन दिवस आभाळ आहे. थंड वारा, दोन शिंतोडेही पडले. पाणी मारायची गरजच पडली नाही, पंप खुंटीला टांगलेला. भांड्यांत रोज विहिरीचं ताजं पाणी. आणि या तीन दिवसांत मरतूक शून्य! माना टाकलेल्यांपैकी चार उठून दाणे टिपायला लागल्या.

याचा अर्थ सरळ आहे. रामसिंग घाबरला. पंप आपल्या ताब्यात आहे आणि चार माणसांत बोललो आहे, आता हिंमत होत नाही त्याची. मऊ बोलून या जगात काही होत नाही, हे मी गाडीवर पहिल्या वर्षीच शिकलो होतो.

सरिताला हे सांगितलं. ती मग म्हणाली, "रामसिंगभाऊची बायको नळावर माह्याशी बोलली नाई आज. तोंड फिरवून गेली."

१५ एप्रिल, मंगळवार

ऊन परत तापलं. दुपारी पाणी मारलं. संध्याकाळपर्यंत चार पडल्या, त्यांतल्या दोन त्याच, ज्या बऱ्या झाल्या होत्या.

म्हणजे त्यानं पुन्हा सुरू केलं! मी दुपारभर धुऱ्यावर पळसाखाली राखण बसलो होतो. रामसिंग वावरात नव्हताच. मग कधी मारतो? भल्या पहाटे मारत असणार, मी उठायच्या आत. चोर आहे पक्का.

माझं डोकं दुखतं आहे. हातापायांत ताकद नाही. सरिता म्हणते दवाखान्यात जा. पक्ष्यांना डॉक्टर मिळेना, माझं कुठं घेऊन बसली.

१७ एप्रिल, गुरुवार

काल सहा मेल्या. आज बाजार. रामसिंग वांग्यांची दोन डाली घेऊन नेहमीच्या जागी बसला होता. मला राहवलं नाही. त्याच्या समोर उभा राहिलो आणि जितका आवाज आहे तितका लावून सांगितलं, "हे वांगे घेऊ नका! यावरच्या दवाईनं माह्या पस्तीस कोंबड्या मेल्या. पाखरं मरतात, मानसाईचं काय होईल?"

बाया हातातली वांगी परत डाल्यात टाकून उठल्या. एका म्हातारीनं तर हात मातीनं पुसले. रामसिंग मला एवढंच म्हणाला, "पंजाबभाऊ, अस्सं नाही करायचं." त्यात राग नव्हता, म्हणून मला आणखी राग आला.

घरी आल्यावर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. उन्हानं असेल.

१८ एप्रिल, शुक्रवार

कारंजाहून निजामुद्दीन आला. माझी अंडी आणि रामसिंगची वांगी, दोन्ही तोच उचलतो. आज अंड्यांना हातही लावला नाही.

"तुमीच बाजारात बोंबलले ना भाऊ, की जहर हाये? तर मंग जहर खाल्लेल्या कोंबडीचे अंडे म्या कोनाले विकू? माह्या घरात बी लेकरं हायेत."

मी म्हणालो, जहर त्याच्या वांग्यात आहे, माझ्या अंड्यात नाही. तो म्हणाला, "हवा तं दोघाईचीच एक हाये ना." टेम्पो रिकामाच घेऊन गेला.

आज दोन मेल्या. अंडी ढिगानं पडली आहेत. सरितानं आमच्यासाठीही केली नाहीत. कोणी सांगितलं नाही तिला, तिनंच ठरवलं.

२० एप्रिल, रविवार

सकाळी शेडवर गेलो आणि पाहतच राहिलो. धुऱ्यापलीकडे वांग्यांचं एक झाड उभं नाही. सगळी उपटून मध्ये ढीग घातला आहे, फुलं-वांग्यांसकट. रामसिंग ढिगाजवळ उकिडवा बसला होता. माझ्याकडे पाहिलं नाही.

पुरावा नष्ट केला. उद्या डॉक्टर मॅडम येणार आहेत हे त्याला कुठून तरी कळलं. मॅडम आल्या की झाडांचे नमुने घेतील, पकडला जाईल, म्हणून रातोरात साफ. मी मोबाइलवर ढिगाचे फोटो काढून ठेवले आहेत.

तरी एक बरं झालं. आता फवारायला वांगीच नाहीत. उद्यापासून एकही पक्षी मरणार नाही.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी पुन्हा दोन मेलेल्या. जमिनीत मुरलं असेल विष, असं मी मॅडमना सांगायचं ठरवलं.

डॉक्टर ज्योत्स्ना मॅडम अकरा वाजता आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. एक कोंबडी उचलून चोच पाहिली, डोळा पाहिला, मान पाहिली. म्हणाल्या, ही मानमोडी नाही, तुम्ही म्हणता ते बरोबर, हे कीटकनाशकच आहे. मला इतका आनंद झाला की त्यांच्या पाया पडणार होतो. इतक्या दिवसांत पहिलं माणूस माझ्या बाजूनं बोललं.

"शेजारी कधी फवारतात?"

"रोज," मी म्हणालो. "पहाटे. चोरून."

सरिता दारात उभी होती. ती म्हणाली, "कशानं?"

"काय कशानं?"

"फवारते कशानं म्हंते मी. त्याहिचा पंप तं दोन हप्त्यांपासून आपल्या शेडमंदी टांगेल हाये."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग खुंटीकडे. मी सांगितलं की पंपात नुसतं पाणी असतं, मी स्वतः भरतो, कोंबड्यांना गारवा म्हणून. 

मॅडमनी हातमोजे घातले, झाकण उघडलं, आणि तळाचं ते फडकं काडीनं वर काढलं. ते गाळणं नव्हतं. पुरचुंडी होती. आत अजून पांढरा लगदा शिल्लक. भुकटीचं औषध थेट टाकलं की नोझल तुंबतं, म्हणून आमच्याकडचे शेतकरी फडक्यात बांधून टाकीत सोडतात, हळूहळू विरघळतं. मॅडमना ठाऊक होतं. सरितालाही ठाऊक होतं, तिच्या माहेरी असंच करतात. गावात राहून मला तेवढं ठाऊक नव्हतं. शेती कधी केलीच नाही ना मी, आयुष्यभर तिकिटं फाडली.

"तुम्ही हे कोंबड्यांच्या अंगावर मारलं?" मॅडम म्हणाल्या. "आणि स्वतःच्याही? डोळे, डोकं, काही त्रास?"

मी मान हलवली. हो की नाही, मलाच कळलं नाही.

बारदाना काढून पुरायला सांगितला, भांडी फेकायला, अंडी एकही न विकायला. उरलेल्या कोंबड्या वाचतील म्हणाल्या. मला उद्याच रक्त तपासायला सांगितलं.

मेल्या त्या एकोणचाळीस. सगळ्या मी मारल्या. रोज दुपारी, प्रेमानं.

२२ एप्रिल, मंगळवार

रक्त देऊन आलो. बारदाना पुरला. विहिरीचं पाणी साध्या नव्या भांड्यांत दिलं. कोंबड्या शांत आहेत.

रामसिंगकडे जायला हवं. सकाळी निघालो आणि विहिरीपर्यंत जाऊन परत आलो. दुपारी पुन्हा निघालो, त्याच्या घराचं दार लोटलेलं पाहून सुटल्यासारखं वाटलं.

खरं लिहितो, इथं कोण वाचणार आहे. माझ्या मनात आलं की न सांगितलं तर काय होईल? पुरचुंडी त्यानंच आत सोडली होती ना. पंप न धुता कोण टांगतं? दोन ठिकाणी असं बोलून पाहिलं, म्हणजे मनातल्या मनात. चांगलं जमत होतं. मग सरितानं जेवायला वाढताना विचारलं, "गेले व्हते?" मी नाही म्हणालो. तिनं भाकरी ताटात ठेवली आणि उठून गेली.

२३ एप्रिल, बुधवार

मी जायच्या आधी तोच आला.

सकाळी आठची वेळ. मी दाराशी दात घासत होतो. रामसिंग आणि त्याची बायको, आणि सोबत त्यांची काळी शेळी, गाभण, पोट खाली आलेलं. त्यानं दावं माझ्या हातात दिलं. मी घेतलंही, सवयीनं, कोणी काही पुढं केलं की हात जातो.

"पंजाबभाऊ, ही ठेवा," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात वीते. कोंबड्याईची भरपाई नाई होत यानं, मले समजते. पन माह्यापाशी एवढंच हाये द्याले."

"कायले रे..."

"आयका. तुमी बोलले तं मले पह्यले राग आला. म्हनलं, इतक्या दुरून कसं होईन. पन तुमच्या कोंबड्या मरूनच राह्यल्या ना. म्या पंप आनत नाई, फवारत नाई, तरी मरून राह्यल्या. मंग मले वाटलं, पानाईवर जे पडेल हाये तेच उडत असन. फुलोऱ्यात व्हते वांगे. बायको म्हने, थांबा, थांबा. पन तुमची दोनशे कोंबडी एका बाजूले अन् माहं दीड एकर एका बाजूले. म्हून उपटून टाकले."

त्याची बायको जमिनीकडे पाहत होती.

मी सगळं सांगितलं. दात घासायची काडी हातात, तोंडात राख, तसाच. पंप का आणला ते. तू फवारू नये म्हणून आणला म्हणालो ते खोटं होतं, हेही. पुरचुंडी, बारदाना, भांडी, मॅडम काय म्हणाल्या ते. ढगाळ दिवसांत का मेल्या नाहीत ते. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढं गेलो नसतो. त्यानं एकदा एवढंच म्हटलं की पुरचुंडी वांग्यांच्या उरलेल्या चार ओळींसाठी ठेवली होती, आल्यावर मारणार होता. 

मला वाटलं चिडेल. चिडावा असं फार वाटत होतं. त्यानं शिवी द्यावी, कॉलर धरावी, गाव गोळा करावं, मी त्याला केलं तसं. त्यानं मान वळवून त्याच्या वावराकडे पाहिलं. इथून दिसत नाही ते, मधे घरं आहेत.

"मंग माह्ये वांगे?" तो म्हणाला.

मला विचारलं असं नाही. नुसतं म्हणाला. त्याच्या बायकोनं माझ्या हातातून शेळीचं दावं काढून घेतलं आणि दोघं गेले. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

सरिता म्हणते, उद्या गुरुवार आहे, बाजारात त्याच जागी उभं राहा आणि त्याच आवाजात सांगा की रामसिंगचे वांगे चांगले होते, कोंबड्या मी मारल्या. सांगेन. आवाज आहे माझ्याजवळ. पण बाया विचारतील, मग द्या ना वांगी, आणि त्याच्या जागेवर उद्या डालं नसेल.